पडद्यावरचं घड्याळ आणि राहून गेलेला रिस्टोअर

माझ्या पायलट प्रयोगाच्या वहीत एका पानावर लिहिलेलं आहे: ‘सहभागी क्र. ६, लक्ष देत नाही. वगळावा?’ ही ओळ चुकीची होती. लक्ष सहभागीचं नव्हे, माझं नव्हतं. प्रयोगात पडद्यावर एक काट्यांचं घड्याळ दिसतं, आणि ते काढणाऱ्या माझ्या कोडमध्ये एक शब्द राहून गेला होता. त्या एका शब्दापायी मी एका माणसाचा डेटा फेकून देणार होते, वर दोषही त्यालाच देणार होते.

तुमच्यापैकी बरेच जण लवकरच स्वतःच्या प्रयोगाचा किंवा सिम्युलेशनचा कोड लिहायला बसाल. म्हणून आज हे घड्याळ पहिल्या रेघेपासून काढूया. घड्याळ काढता आलं की तो शब्द कुठे राहिला हे तुम्हालाच दिसेल.

आधी, प्रयोगात घड्याळ कशाला? बेंजामिन लिबेट यांचा १९८३ चा ‘ब्रेन’ या नियतकालिकातला प्रयोग तुम्ही ऐकला असेल. माणसाने मनाला येईल तेव्हा हात हलवायचा, आणि ‘हलवावा’ असं नेमकं कधी वाटलं ते समोरच्या घड्याळावरून सांगायचं. साधं घड्याळ इथे चालत नाही, कारण मोजायचे असतात मिलिसेकंद. लिबेट यांनी ऑसिलोस्कोपच्या पडद्यावर प्रकाशाचा एक ठिपका गोल फिरवला, एक फेरी २.५६ सेकंदांत. म्हणजे नेहमीच्या सेकंद काट्याच्या साधारण २३ पट वेगाने. तबकडीवर ६० भाग मानले, तर एक भाग सुमारे ४३ मिलिसेकंदांचा. त्यांच्या निष्कर्षातले आकडे लक्षात ठेवा: मेंदूतली तयारी हालचालीच्या सुमारे ५५० मिलिसेकंद आधी सुरू झालेली दिसली, आणि इच्छा झाल्याची जाणीव सुमारे २०० मिलिसेकंद आधी. स्वतंत्र इच्छेबद्दलचा तेव्हापासूनचा सगळा वाद या ३५० मिलिसेकंदांच्या फटीभोवती फिरतो. तिचा अर्थ काय लावायचा यावर भांडणं आहेतच, पण घड्याळ चुकलं तर भांडायलाही काही उरत नाही.

माझा प्रयोग याच घराण्यातला आहे, फक्त ऑसिलोस्कोपच्या जागी ब्राउझर, आणि ठिपक्याच्या जागी काटा.

आता काटा काढायचा कसा? शाळेत शिकलेली त्रिकोणमिती आठवत असेल तर पहिला विचार असा येतो: केंद्र माहीत आहे, लांबी माहीत आहे, कोन माहीत आहे, तर टोकाचा क्ष म्हणजे लांबी गुणिले कोसाइन, य म्हणजे लांबी गुणिले साइन. एका रेघेच्या काट्याला हे पुरतं. पण काट्याला जरा रूप द्या: मागे छोटं शेपूट, मध्ये फुगवटा, टोकाला बाण. आता प्रत्येक बिंदूसाठी वेगळी साइन-कोसाइन. तास काटा, मिनिट काटा, सेकंद काटा, शिवाय ६० खुणा. कोड वाचता येईनासा होतो, आणि एक चिन्ह उलटं पडलं तर शोधताना डोळे फुटतात.

दुसरी पद्धत हाताने चित्र काढणारे सगळेच वापरतात. कागदाच्या मध्यावर टाचणी टोचा. काटा नेहमी एकाच दिशेला काढा, समजा सरळ वर, हाताला सोयीचं तसं. कोन हवा असेल तर हात वळवू नका, कागद फिरवा.

कॅनव्हासवर हेच करता येतं. ‘ट्रान्सलेट’ म्हटलं की आरंभबिंदू हवा तिथे सरकतो, ‘रोटेट’ म्हटलं की अक्ष वळतात, ‘स्केल’ म्हटलं की एककं लहान-मोठी होतात. आधी काढून झालेलं चित्र जागचं हलत नाही, यापुढे काढाल ते नव्या अक्षांवर उमटतं. काटा फक्त ‘शून्यापासून वर १८० पर्यंत रेघ’ एवढाच लिहायचा. कोन कुठलाही असो, ओळ तीच.

क्रमाची मात्र काळजी घ्या. आधी केंद्रावर जा, मग फिरा. उलटं केलंत तर आधी फिरलेल्या अक्षांच्या दिशेने तुम्ही सरकता आणि घड्याळ कोपऱ्यात, नाहीतर पडद्याबाहेर. कधीतरी मुद्दाम करून बघा, दोन मिनिटांत डोक्यात बसतं. दुसरी नेहमीची ठेच दिशेची. कॅनव्हासवर य अक्ष खाली वाढतो, म्हणून धन कोन घड्याळाच्याच दिशेने जातो, जे आपल्या कामाला झकास. पण शून्य अंश म्हणजे उजवीकडे, तीन वाजताची दिशा. काटा वरच्या दिशेने काढून ठेवला असेल तर तो प्रश्न मिटतो, आडवा काढला असेल तर आधी ९० अंश मागे फिरावं लागतं. आणि कोन रेडियनमध्ये द्यायचे, अंशांत नाही. पोस्टस्क्रिप्टमध्ये नेमकं उलटं: य वर वाढतो, कोन अंशांत, आणि धन कोन घड्याळाच्या विरुद्ध.

आता मुख्य अडचण. तास काट्यासाठी कागद फिरवला. समजा ४ वाजून २० मिनिटं झालीत, तर तास काट्याचा कोन १३० अंश: चार तासांचे १२०, आणि वीस मिनिटांचे अर्ध्या अंशाने १०. हे दहा विसरणारे खूप, त्यांचा तास काटा तासभर एकाच आकड्यावर बसून राहतो. पुढे मिनिट काटा हवा १२० अंशांवर. पण कागद आधीच १३० फिरलेला आहे! सरळ १२० फिरवलात तर काटा २५० वर. मग काय, उणे १० फिरवायचं? चालेल. पण मग मिनिट काट्याला तास काट्याचा कोन माहीत असायला हवा, सेकंद काट्याला दोघांचा, आणि मधला एक काटा काढून टाकला की पुढचं सगळं कोसळलं.

इथे जपून ठेवलेली अवस्था उपयोगाला येते. ‘सेव्ह’ म्हणजे आत्ता कागद जसा आहे, पेन जसं आहे, शाई जशी आहे, ते सगळं लक्षात ठेव. ‘रिस्टोअर’ म्हणजे शेवटचं जे लक्षात ठेवलंस त्यावर परत जा. मग प्रत्येक काट्याचा कोड असा होतो:

सेव्ह
फिरव, १३० अंश
तास काटा काढ
रिस्टोअर

सेव्ह
फिरव, १२० अंश
मिनिट काटा काढ
रिस्टोअर

प्रत्येक काटा बारा वाजल्यापासून स्वतःचा कोन मोजतो, शेजारच्याची चौकशी करत नाही. क्रम बदला, एखादा काटा गाळा, काही बिघडत नाही.

अवस्था एकावर एक अनेकदा जपता येते. लग्नाच्या हॉलमध्ये बुफेला ताटांची चळत असते तशी: शेवटी ठेवलेलं ताट आधी उचललं जातं. त्यामुळे तबकडीच्या सेव्हच्या पोटात काट्याचा सेव्ह, त्याच्या पोटात बाणाच्या टोकाचा सेव्ह, असं खुशाल करता येतं. अट एकच, जितके सेव्ह तितके रिस्टोअर.

या ताटात नेमकं काय असतं? अक्षांची स्थिती, म्हणजे फिरवणं, सरकवणं, ताणणं हे सगळं मिळून फक्त सहा आकडे. मग रेघेचा रंग, आतला रंग, रेघेची जाडी, टोकांचा आकार, पारदर्शकता, सावली, फॉन्ट, आणि क्लिप, म्हणजे चित्र कुठल्या भागापुरतं उमटावं ती सीमा. क्लिपची गंमत अशी की ती आणखी आक्रसता येते, पण मोठी करता येत नाही. परत मोठी हवी तर आधीची अवस्था आणणं हाच सरळ रस्ता.

काय नसतं तेही माहीत हवं. पडद्यावर उमटलेले पिक्सेल नसतात. रिस्टोअर म्हणजे ‘अनडू’ नव्हे, काढलेला काटा पुसला जात नाही. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या प्रत्येक बॅचमध्ये निदान एक जण तरी हे समजून बसलेला असतो. आणि कॅनव्हासमध्ये चालू मार्ग, म्हणजे रेघ मारण्याआधी जोडलेले बिंदू, तेही जपले जात नाहीत. पोस्टस्क्रिप्टमध्ये मात्र जपले जातात. तिथे तर आकार आखायचा, ‘जीसेव्ह’ म्हणायचं, आत रंग भरायचा, ‘जीरिस्टोअर’ म्हणायचं, आणि मग त्याच आकाराची कड काढायची, अशी लोकांना सवयच होती. भरताना मार्ग खर्ची पडतो, म्हणून आधी तो जपायचा. ही सवय घेऊन कॅनव्हासवर आलात तर फसाल.

पोस्टस्क्रिप्ट मध्येच कुठून आलं? कल्पना तिथूनच आपल्यापर्यंत पोचली आहे म्हणून. जॉन वॉर्नॉक आणि चार्ल्स गेश्की यांनी १९८२ मध्ये अडोबी काढली, तिची ही भाषा, आणि १९८५ च्या अॅपलच्या लेझरप्रिंटरमुळे ती घरोघरी नाही तरी छापखान्या-छापखान्यांत गेली. पीडीएफमध्ये तेच दोन हुकूम एकेका अक्षराचे झाले: जपायला स्मॉल क्यू, परत आणायला कॅपिटल क्यू. तुम्ही रोज उघडता त्या शोधनिबंधांच्या फाइलींच्या पोटात या क्यूंच्या जोड्या भरलेल्या असतात. अॅपलने २००४ मध्ये कॅनव्हास आणला तेव्हा हीच पद्धत ब्राउझरमध्ये आली. प्रोसेसिंग वापरणाऱ्यांनी एवढंच ध्यानात ठेवावं की तिथे ‘पुशमॅट्रिक्स’ फक्त अक्ष जपतो, रंग आणि जाडीसाठी ‘पुशस्टाइल’ वेगळा आहे.

आता तबकडी. ६० खुणा म्हणजे ६० वेळा ‘फिरव ६ अंश, खूण काढ’. इथे एक लबाड गोष्ट घडते. या लूपभोवती सेव्ह-रिस्टोअर घातलाच नाही तरी चालतं! ६० वेळा ६ म्हणजे ३६०, कागद आपोआप मूळ जागी. तुम्ही खुशीत पुढे जाता. मग महिन्याभराने वाटतं, तासांच्या बारा खुणा जाड करून वेगळ्या लूपमध्ये काढू, आणि पहिल्या लूपमध्ये दर पाचवी खूण फिरवण्यासकट गाळता. आता ४८ वेळा ६ म्हणजे २८८. काटे ७२ अंशांनी सरकले. कोड बदलला खुणांचा, बिघडले काटे. ही चूक निदान डोळ्यांना दिसते, म्हणून मी तिला सज्जन चूक म्हणते.

आकडे काढताना अजून एक सेव्ह लागतो. कागद फिरवून ४ लिहिलात तर ४ तिरका पडतो. म्हणून फिरा, त्रिज्येवर सरका, मग तितकेच उलटे फिरा आणि सरळ आकडा लिहा. स्केलबद्दलही एक सूचना: तबकडीची त्रिज्या १ मानून सगळं लिहायचं आणि शेवटी २०० पट ताणायचं ही पद्धत छान आहे, पण रेघेची जाडीही २०० पट होते. जाडी १ ठेवलीत तर काट्याऐवजी पडदाभर काळं फासलेलं दिसेल. माझंही झालं होतं.

आता काटा हलवायचा. सोपा मोह असा: कागद तसाच ठेवायचा आणि दर फ्रेमला थोडा थोडा फिरवत राहायचं. माझ्या काट्याची फेरी २.५६ सेकंदांची, पडदा सेकंदाला ६० फ्रेमचा, म्हणजे एका फेरीत १५३.६ फ्रेम, दर फ्रेमला सुमारे २.३४ अंश. असं कधीही करू नका. दशांशांच्या गोळाबेरजेमुळे काटा भरकटतो असं कारण पुष्कळदा सांगतात. ते खरं असलं तरी किरकोळ आहे, कारण पंधरा-सोळा अंकांच्या अचूकतेत दिवसभर बेरीज केली तरी डोळ्याला फरक दिसणार नाही. खरा शत्रू म्हणजे गळालेली फ्रेम. ब्राउझर दुसऱ्या कामात अडकला आणि एक फ्रेम हुकली, की काटा १६.७ मिलिसेकंद मागे पडला, आणि ती तूट कधीच भरून येत नाही. सत्रात दहा फ्रेम गळाल्या तर १६७ मिलिसेकंद. वरची ३५० मिलिसेकंदांची फट आठवा, तिचा जवळपास अर्धा भाग तुमच्या लॅपटॉपने खाल्ला. शिवाय १४४ हर्ट्झचा मॉनिटर असेल तर काटा २.४ पट वेगाने धावेल.

म्हणून प्रत्येक फ्रेमला कोन नव्याने काढायचा: फेरी सुरू होऊन किती वेळ झाला ते विचारायचं, भागिले २५६०, गुणिले ३६०. ब्राउझर प्रत्येक फ्रेमला वेळेचा आकडा हातात देतोच. फ्रेम गळाली तर काटा किंचित उडी मारेल, पण पोचेल बरोबर जागी. हे मी पहिल्या दिवसापासून नीट केलं होतं, आणि त्याचा मला अभिमानही होता. मार दुसरीकडून बसला.

माझी रचना अशी होती. तबकडी स्थिर, म्हणून ती खालच्या वेगळ्या कॅनव्हासवर एकदाच काढलेली. काटा वरच्या कॅनव्हासवर, जिथे आरंभबिंदू सुरुवातीलाच केंद्रावर नेऊन ठेवला होता. दर फेरीला काटा कुठल्यातरी यादृच्छिक कोनातून निघणार, म्हणजे सहभागीला अंदाज बांधता येऊ नये. सहभागी बटण दाबतो तेव्हा काट्याचा कोन फाइलमध्ये नोंदला जातो. मग काटा नाहीसा होतो आणि सहभागी सांगतो, मला काटा इथे दिसला. ठरावीक वेळेत बटण दाबलं नाही तर फेरी रद्द. काटा काढणारं फंक्शन असं होतं:

सेव्ह
फिरव, सुरुवातीचा कोन अधिक आत्तापर्यंतचा कोन
वेळ संपली असेल तर फेरी रद्द कर आणि इथूनच परत जा
काटा काढ
रिस्टोअर

दिसलं? फेरी रद्द झाली की फंक्शन तिसऱ्या ओळीवरून परत जातं, रिस्टोअरपर्यंत पोचतच नाही. कागद त्या क्षणी जितका फिरलेला होता तितकाच फिरलेला राहतो. पुढच्या सगळ्या फेऱ्यांत काटा कोडला वाटतो त्यापेक्षा तितका पुढे दिसतो. फाइलमध्ये मात्र कोडला वाटतो तोच कोन नोंदला जातो.

पडद्यावर काही दिसलं का? नाही. काटा प्रत्येक फेरीत यादृच्छिक जागेवरूनच निघायचा, त्यात अजून थोडी भर पडली तरी तो यादृच्छिकच दिसणार. तबकडी वेगळ्या थरावर, ती सरळच. जुना काटा पुसायला मी केंद्राभोवतीचा चौकोन पुसत होते, आणि चौकोन कितीही फिरवला तरी आतलं वर्तुळ पूर्ण पुसलं जातंच. जास्तीच्या सेव्हबद्दल कॅनव्हास तक्रार करत नाही. इतकंच काय, चळत रिकामी असताना रिस्टोअर म्हटलं तरी तो गप्प बसतो.

परिणाम झाला तो आकड्यांत. आठ सहभागींपैकी पाच जणांचे फरक नीट, तिघांचे वेडेवाकडे. ते तिघे कोण? ज्यांच्या हातून निदान एकदा वेळ हुकली होती तेच. आता तुम्हीच सांगा, ज्याची वेळ हुकते आणि ज्याची उत्तरंही भलतीच येतात, त्याच्याबद्दल काय वाटेल? मलाही तेच वाटलं, आणि वहीत ती ओळ लिहिली. चूक इतकी पटण्यासारखी होती की मी कोडकडे वळलेच नाही.

सरांना सरासरीचा तक्ता दाखवला तर ते म्हणाले, “सरासरी नको, सगळे ठिपके क्रमाने दाखव.” सहभागी क्रमांक ६ च्या ४० फेऱ्या क्रमाने मांडल्या आणि मी गप्पच झाले. चौदाव्या फेरीपर्यंत फरक शून्याजवळ. मग सगळे ठिपके सुमारे ८०० मिलिसेकंद पुढे, एकमेकांना चिकटून. एकतिसाव्या फेरीनंतर सगळे सुमारे ४३० मिलिसेकंद मागे, तेही चिकटून. लक्ष नसलेल्या माणसाचे ठिपके विखुरतात, असे पायऱ्या-पायऱ्यांनी चढत-उतरत नाहीत. चौदावी आणि एकतिसावी, दोन्ही फेऱ्या रद्द झालेल्या होत्या. चौदाव्या फेरीत काटा थांबला तेव्हा कोन होता ११२ अंश. एक अंश म्हणजे ७.१ मिलिसेकंद, गुणाकार केला तर ७९६. एकतिसाव्यात १८८. ११२ आणि १८८ मिळून ३००, म्हणजे पूर्ण फेरीला ६० कमी, म्हणजे ४२७ मिलिसेकंद मागे. हा माणूस चाळीसही फेऱ्या डोळ्यांत तेल घालून बसला होता.

कोन नोंदलेले असल्यामुळे डेटा दुरुस्त करता आला असता, आणि मी तो खात्रीपुरता करूनही पाहिला. पण पायलटच होता, म्हणून आठही जणांचा डेटा बाजूला ठेवून नव्याने सुरुवात केली.

सेव्ह आणि रिस्टोअर मी आता सुटे लिहीत नाही. एक छोटं फंक्शन आहे, त्याला काय काढायचं ते सांगायचं. ते स्वतः सेव्ह करतं, काढतं, आणि मधूनच परत गेलं किंवा एरर आली तरी ‘फायनली’मध्ये रिस्टोअर करतंच. प्रत्येक फ्रेमच्या सुरुवातीला अक्षांचे सहा आकडे वाचून अपेक्षित आकड्यांशी ताडून पाहते, जुळले नाहीत तर प्रयोग तिथेच थांबतो. नुसतं अक्ष मूळपदी आणून काम भागवू नका, कारण त्याने रंग आणि क्लिप परत येत नाहीत, आणि मूळ चूकही झाकली जाते. शिवाय नवीन कोड सहभागींसमोर नेण्याआधी पडद्याच्या कोपऱ्यात नोंदला जाणारा कोन छापते आणि फेऱ्या मुद्दाम रद्द करत फोनने वीसेक फोटो काढते. फोटोतला काटा आणि फोटोतला आकडा जुळायला हवा. मिलिसेकंदांची खात्री फोटोने होत नाही, त्यासाठी पडद्यावर फोटोडायोड लावावा लागतो, पण ११२ अंशांची चूक फोनच्या कॅमेऱ्यालाही दिसते.

वहीतली ती ओळ मी खोडली नाही, प्रयोगाच्या वहीत खोडायचं नसतं. तिच्यावर एक रेघ मारली, बाजूला तारीख घातली आणि लिहिलं: ‘रिस्टोअर राहिला होता. चूक माझी.’